कड दुमडली, तरी टायर घासतोच

रुंद टायर बसवले, पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला. कुणीतरी सांगितलं म्हणून मडगार्डची आतली कड दुमडून घेतली. रोज ऑफिसला एकट्याने जाताना काही ऐकू येत नव्हतं. मग पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन महाबळेश्वरला निघाल्यावर पसरणीच्या वळणांवर तोच आवाज परत. आता पुढची सूचना येते: "अजून थोडी दाबून घे." तसं केलं की पत्रा बाहेर फुगतो, रंगाला चिरा पडतात आणि आवाज तरीही जात नाही.

कड दुमडणं, म्हणजे ज्याला सगळे फेंडर रोलिंग म्हणतात ते, फक्त एका प्रकारच्या घासण्यावर चालतं: टायरची बाहेरची बाजू चाकाच्या कमानीच्या कडेला लागत असेल तरच. टायर इतर ठिकाणीही लागतो, आणि तिथे कड दाबायचा रोलर कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. म्हणून आधी घासण्याची जागा शोधायची, रोलर नंतर.

उदाहरणाला दुसऱ्या पिढीची स्विफ्ट घेऊ. रस्त्यावर भरपूर आहेत, आणि रुंद टायरचा मोह या गाडीच्या मालकांना बराच होतो. वरच्या मॉडेलला कंपनीकडून १८५/६५ आर१५ यायचा, खालच्यांना १६५/८० आर१४.

घासतं कुठे ते आधी नक्की करा

आवाजावरून अंदाज बांधता येतो, पण त्यावर पत्रा वाकवू नये. कमानीच्या आतल्या कडेवर मास्किंग टेपची एक पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, ओल्या खडूने जाड पट्टा ओढा. मागच्या सीटवर तीन माणसं बसवा आणि नेहमीच्या गतिरोधकावरून नेहमीच्याच वेगाने जा. परत येऊन बघा. टेप फाटली असेल किंवा तिच्यावर खडू लागला असेल तर कडच दोषी आहे. टेप जशीच्या तशी आणि खडू मात्र पुसलेला, तर टायर दुसरीकडे कुठेतरी लागतोय.

हे दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या चाकांच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गेटमधून बाहेर काढताना घर्र होत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा तेच. टॉर्च मारून बघा, लागलेली जागा चकचकीत झालेली असते. याला इलाज सोपा आहे. हीट गनने ते प्लॅस्टिक मऊ करायचं, लाकडी ठोकळ्याने मागे दाबून धरायचं आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही. गरज पडली तर मागे भोक पाडून केबल टायने ओढून बांधायचं. पत्र्याला हात लावायचं काही कारण नाही.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे बंपर आणि मडगार्ड जिथे भेटतात तो कोपरा. तिथे एक स्क्रू किंवा क्लिप असते आणि तिचं डोकं टायरकडे वर आलेलं असतं. कड नीट दुमडलेली असूनही टायरच्या खांद्यावर एकाच रेषेत बारीक खाच पडत असेल, तर हा स्क्रू आहे. चपट्या डोक्याचा स्क्रू लावा, किंवा तो जोड काही मिलिमीटर वर सरकवा. एवढ्याशा स्क्रूपायी लोक अख्खी कमान परत दाबून घेतात.

तिसरी जागा आतल्या बाजूची: सस्पेन्शनचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब), स्प्रिंगची खालची बशी किंवा आतला पत्रा. इथे टायर लागत असेल तर गाडी चालवणं थांबवा. याच भागातून ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर जाते, आणि ती घासून कापली जाणं हा आवाजाचा प्रश्न राहत नाही. आत घासण्याचं कारण बहुतेक वेळा टायर नसतो, अलॉय असतं. त्याबद्दल खाली.

आवाज एकाच बाजूने येतोय का, हे जरूर बघा. सपाट फरशीवर गाडी उभी करून स्टिअरिंग सरळ ठेवा, कमानीच्या वरच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन-चार मिलिमीटरचा फरक बहुतेक गाड्यांत असतो. आठ-दहा मिलिमीटर आला तर मागचा बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) किंवा पुढची सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) सरकलेली आहे, किंवा गाडी कधीतरी ठोकून दुरुस्त झालेली आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही चाचणी टायर न बदलताही करावी. अशा गाडीची कड दुमडणं म्हणजे वाकडं दार बसावं म्हणून चौकट तासणं.

आणि बंप स्टॉप. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर किंवा बीमवर रबराचा किंवा फोमचा जो गट्टू असतो, तो चाक ठरावीक उंचीच्या वर जाऊ देत नाही. सात-आठ वर्षं जुन्या गाडीत तो बऱ्याचदा भुगा होऊन पडून गेलेला असतो. मग चाक डिझायनरने कधी कल्पिलं नव्हतं तितकं वर जातं आणि घासतं. स्प्रिंग बसलेली असेल तर त्यात भर. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या तुंब्याच्या, मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांना मोजून ठेवा, डाव्या-उजव्यात फरक दिसला तर आधी स्प्रिंग आणि बंप स्टॉप. भार टाकला की घासतं आणि एकट्याने काही होत नाही, या तक्रारीत माझा पहिला संशय इथेच असतो.

दोष टायरचा की अलॉयचा

टायरवरचे आकडे वाचता आले की निम्मा घोळ मिटतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर नंतरचा रिमचा व्यास इंचांत. १८५/६५ आर१५ चा व्यास सुमारे ६२२ मिमी. १९५/६५ आर१५ घेतला तर ६३४ ते ६३५, म्हणजे दोन टक्के मोठा, आणि मीटरवर १०० दिसत असताना खरा वेग १०२ च्या आसपास. रुंदी फक्त १० मिमी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला ५. पण उंचीही प्रत्येक बाजूला साडेसहा मिमी वाढली, आणि कमानीत टायर वरच घासतो. याउलट २०५/६० आर१५ चा व्यास ६२७. अधिक रुंद असूनही उंचीला कमी त्रासदायक. त्यामुळे "१९५ ला घासतं तर २०५ ला जास्तच घासेल" हा हिशेब नेहमी खरा ठरत नाही.

त्यात तेच माप असूनही दोन कंपन्यांच्या टायरची प्रत्यक्ष रुंदी सारखी नसते, खांदा गोल की चौकोनी यानेही फरक पडतो. शिवाय रिम अर्धा इंच रुंद झाली की तोच टायर साधारण ५ मिमी फुगून बसतो.

खरा खेळ मात्र ऑफसेटचा आहे. अलॉयवर ईटी म्हणून जो आकडा कोरलेला असतो तो: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा आधीची रिम ६ इंच रुंद, ईटी ४५, आणि नवी ७ इंच, ईटी ३५. एक इंच जास्त रुंदीतला अर्धा, म्हणजे १२.७ मिमी, बाहेर गेला. ऑफसेट १० ने कमी झाला, तेही बाहेर. एकूण २२.७ मिमी बाहेर. आत मात्र जेमतेम २.७ मिमी वाढ. दुकानदार "टायर १० मिलिमीटरच रुंद आहे" सांगतो तेव्हा खोटं बोलत नाही, पण बाकीच्या १७-१८ मिलिमीटरबद्दल गप्प बसतो. ईटी जास्त असलेलं अलॉय घेतलं तर हेच उलटं होऊन टायर आत स्ट्रटला लागतो, आणि त्यावर कुणी स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, सुचवतं. मला स्पेसर आवडत नाहीत. योग्य ईटीचं अलॉय मिळत असताना बोल्टवर जास्तीची पट्टी कशाला चढवायची?

थोडक्यात, नव्या रिममुळे टायर पंधरा मिलिमीटरहून जास्त बाहेर आला असेल तर कड दुमडून तो बसेलच असं नाही, आणि बसला तरी मोकळा फिरणार नाही.

किती दुमडलं की किती जागा मिळते

पुन्हा घासतं, याचं सगळ्यात मोठं उत्तर या हिशेबात आहे आणि तो कुणी करत नाही. समजा आतली कड १२ मिमी रुंद आहे आणि चाकाच्या दिशेने काटकोनात आत आलेली आहे. ती ३० अंश वर दुमडली तर मिळणारी जागा फक्त १.६ मिमी. ४५ अंशाला साडेतीन. ६० ला सहा. ७५ ला जवळजवळ नऊ. पूर्ण वर चिकटवली तर १२ मधून पत्र्याची जाडी वजा जाता जे उरेल ते. सुरुवातीच्या अर्ध्या मेहनतीत जवळपास काहीच हाती लागत नाही, सगळी कमाई शेवटच्या टप्प्यात आहे.

म्हणून "थोडीशी रोल केली" हे वाक्य ऐकलं की समजावं, दोन-तीन मिमी मिळाले. रिकाम्या गाडीत तेवढ्याने आवाज थांबतो, भरलेल्या गाडीत थांबत नाही. खडूच्या चाचणीत घासण्याचा पट्टा किती रुंद आहे ते मोजा. पट्टा ३ मिमी असेल तर ४५ ते ६० अंश पुरतील. १० मिमी असेल तर टायर किंवा अलॉय बदला, कारण त्यापुढे रोलिंग संपून पत्रा बाहेर ओढणं सुरू होतं. ते काम घरचं नाही. त्यात मडगार्डचा बाहेरचा आकारच बदलतो, आणि तापवूनही रंग टिकेल याची खात्री नसते.

घरी करायचं तर

हत्यार: हबला बोल्टने बसणारा रोलर, त्याच्या प्लेटवर ४×१०० ची भोकं हवीत, स्विफ्टचा पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टांची मांडणी (चार बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), तोच आहे. नट १२ बाय १.२५ चे. हीट गन, लेझर ठिपक्यावाला तापमापक, दोन जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी ओट, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना). रोलर विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर बघा, आयुष्यात दोनदा लागणारी वस्तू आहे. हेअर ड्रायरने काम होत नाही, पत्रा पुरेसा तापत नाही.

क्रिकेटच्या बॅटचा किंवा पाइपचा जो प्रकार सांगतात, टायर आणि कड यांच्यात पाचर घालून गाडी पुढे-मागे ढकलायची, तो करू नका. दाब एका रेषेत राहत नाही, कमान लाटेसारखी होते, आणि तो पत्रा नंतर सरळ करायला डेंटरलाही घाम फुटतो.

सुरू करण्याआधी एक चुंबक घ्या, त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि कमानीच्या बाहेरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे तो पॅनल आधी दुरुस्त होऊन रंगवलेला आहे. लांबी वाकत नाही, तडकते. अशा पॅनलवर रोलर फिरवायचा असेल तर नव्याने रंगकाम करायची तयारी ठेवा. कमानीवर प्लॅस्टिकची काळी पट्टी असलेल्या गाड्यांत तर पट्टी पूर्ण काढल्याशिवाय खाली काय आहे हे कळतच नाही.

कड आतून-बाहेरून धुऊन कोरडी करा. आतली माती राहिली तर रोलर तोच खडा पत्र्यात दाबून बसवतो आणि बाहेर उंचवटा दिसतो. अस्तराचे जे स्क्रू कडेतून जातात ते काढा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना ओट, जॅक कंपनीने दाखवलेल्या जागी, आणि त्याखाली स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या कमानीत डोकं घालणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

चाक काढलं की सस्पेन्शन खाली लोंबतं, आणि इथे बरेच जण फसतात. रोलरचा दांडा हबभोवती फिरतो. हब खाली लोंबत असेल तर दांड्याचं वर्तुळ आणि कमानीचा गोल जुळत नाहीत. रोलर एखाद्या जागी जोरात दाबतो आणि पुढे-मागे नुसता हवेत फिरतो. म्हणून दुसऱ्या जॅकने खालचा आर्म किंवा बीम उचलून हब गाडी उभी असताना जितका उंच असतो तितका आणा. ती उंची तुम्ही आधीच मोजून ठेवलेली आहे. आता रोलर कडेला सगळीकडे सारखा टेकतो.

रंग तापवा. हीट गन पंधरा-वीस सेंटिमीटरवर धरून सतत हलती ठेवा, आतून आणि बाहेरून, पत्र्याचं तापमान ६०-७० अंश सेल्सिअसवर आणा. हात लावून ठरवू नका, मापक वापरा. जास्त तापवल्याने काम सोपं होत नाही, रंग फुगतो. प्लॅस्टिकच्या बंपरजवळ गन थांबवू नका. ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे तिथे टाकीकडे जाणारी नळी कमानीतूनच खाली उतरते, त्या बाजूला जास्तच जपून.

पहिल्या फेरीत रोलर फक्त टेकवायचा, दहा-पंधरा अंश. पुढून मागे, मागून पुढे, दाब न वाढवता, कड सगळीकडे सारखी येईपर्यंत. मग थोडा वाढवा. मधे तापमान उतरतं, पुन्हा तापवा. घड्याळाच्या दहापासून दोनपर्यंतचा भाग महत्त्वाचा, त्याखाली टायर क्वचित लागतो. प्रत्येक टप्प्यानंतर बाहेरून तिरक्या उजेडात पॅनलवरून नजर फिरवा. बाहेरची रेषा हलताना दिसली की थांबा, दाब कडेऐवजी पॅनलवर जातोय. घाई केल्याचं इथे लगेच दिसून येतं, आणि थंडीतल्या सकाळी हे काम काढायचंच नाही.

मागची कमान वेगळी आहे

पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं असतं, कड एकाच पत्र्याची. बिघडलं तर बदलता येतं. मागे तसं नाही. मागे बाहेरचा पॅनल आणि आतली कमान अशा दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या) असतात, मधे पाणी अडवणारा सीलर भरलेला असतो. ही कड जाड आहे, हळू वाकते, आणि वाकताना आतला सीलर तुटतो.

कुणी ग्राइंडर लावून ही मागची कड कापून देतो म्हणाला तर तिथून गाडी बाहेर काढा. कड कापली की स्पॉट वेल्डही गेले. दोन पत्रे सुटे झाले, पावसाचं पाणी थेट आतल्या पोकळीत, आणि बॉडीचा तो भाग आता काही धरून ठेवत नाही. दर काही सेंटिमीटरवर चिरा मारून दुमडायची पद्धतही याच माळेतली.

आवाज गेला, गंज आला

आवाजापेक्षा हा त्रास मोठा, पण तो वर्ष-दीड वर्षाने दिसतो म्हणून कुणी त्याचा संबंध रोलिंगशी जोडत नाही. वर दुमडलेल्या कडेचा एक खोबणीसारखा खिसा तयार होतो. चिखल त्यात भरतो, ओला राहतो. रंगाला केसाएवढी चीर असली तरी तिथून सुरुवात होते. चिपळूण, रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. बाहेर रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतून पत्रा खाल्लेला असतो.

म्हणून रोलिंगच्याच दिवशी टॉर्च आणि नखाने संपूर्ण कड तपासा. चीर सापडली की तेवढा भाग घासून उघडा करा, झिंक प्रायमर, वर टचअप. पूर्ण वाळल्यावर पॉलियुरेथेन सीम सीलरने तो खिसा भरून टाका, इतका की पाणी थांबायला जागाच उरू नये. मागच्या कमानीत चीर दिसो न दिसो, सीलर भराच, कारण मूळचा तुटलेला आहे. अंडरबॉडी कोटिंग नंतर, आणि ओलाव्यावर कधीच नाही. ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग पाणी आत कोंडून ठेवतं. पावसाळ्यात दर धुण्याच्या वेळी कमानीत आतून पाण्याचा झोत मारा.

एवढं करूनही घासत असेल तर

चाक बसवून नट मॅन्युअलप्रमाणे टॉर्कला आवळले, शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, टेप आणि खडूची चाचणी भार टाकून परत केली, आणि तरी टेप फाटतेच. पुढच्या चाकांना थोडी वाट अजून आहे. स्ट्रटच्या बोल्टजागी कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल बदलू देणारा बोल्ट) लावून चाक एक अंश आत झुकवलं तर टायरचा माथा साधारण ५ मिमी आत जातो. बदल्यात टायर आतल्या बाजूने लवकर झिजेल. मागच्या बीमला अशी सोय नाही. तिथे टायरचं माप एक पायरी खाली आणणं किंवा जास्त ईटीचं अलॉय, एवढंच उरतं.

आवाज घासण्यासारखा नसून ऐंशीच्या पुढे थरथर होत असेल तर तो वेगळाच विषय आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा स्विफ्टच्या ५४.१ मिमी हबपेक्षा मोठं असतं. मधली फट भरणारी सेंटरिंग रिंग नसेल तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही. रिंग स्वस्त असते. लोक तिच्याऐवजी चार वेळा बॅलन्सिंग करून घेतात.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी उकरून काढला जाऊ शकतो. कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेल्या मापात राहिलात तर बाजू बरीच भक्कम राहते. कमानीच्या बाहेर डोकावणारा टायर मात्र पोलिसांच्याही नजरेत भरतो, आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर खडीही तोच उडवतो.